जांभळी जीभ

लहानपणी मला वरचेवर तोंड यायचं. जीभ सोलवटून निघायची, मऊ भाताचा घासही झोंबायचा. मग आजी फडताळातून ती बाटली काढायची. बोटभर उंचीची बाटली, बुचाभोवती सुकलेल्या औषधाचं काळपट जांभळं कडं. काडेपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळून ती बाटलीत बुडवायची, "आ कर" म्हणायची, आणि जिभेवर, गालांच्या आतून, हिरड्यांवरून तो बोळा हलक्या हाताने फिरवायची. आधी गार लागायचं, मग एक कडसर, धातूसारखी चव जिभेवर पसरायची. तिच्या बोटांना डाग पडायचे. एका सुती लुगड्याच्या पदरावर तसाच एक डाग होता, तो धुऊन धुऊन फिका झाला पण गेला नाही. मी आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढायची आणि ती आपली नव्हेच असं वाटून बघत राहायची. दवाखान्यातला कंपाउंडर त्याला जी. व्ही. पेंट म्हणायचा, आजी जांभळं औषध. बाटलीवर लिहिलेलं असायचं जेन्शन व्हायोलेट.

त्या नावात एक राजा आहे हे मला पुढे चाळीस वर्षांनी कळलं.

जेन्शन हे डोंगरात उगवणारं, कडू मुळाचं झाड. त्याच्या काही जातींची फुलं गर्द निळीजांभळी असतात. १९व्या शतकात जो जांभळा रंग प्रयोगशाळेत तयार झाला, त्याला त्या पाकळ्यांवरून हे नाव मिळालं. रंगात झाडाचा अंशही नाही, नाव तेवढं उसनं. आणि झाडाला नाव मिळालं ते गेन्थियसवरून. रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवलंय की हे झाड इलिरियन लोकांचा राजा गेन्थियस याला सापडलं, आणि उगवतं सगळीकडे पण इलिरियातलं सर्वांत उत्तम. गेन्थियस, गेन्टियाना, जेन्शन. इ.स.पू. १६८ साली राज्य गमावलेल्या एका राजाचं नाव माझ्या आजीच्या फडताळात, हिंगाच्या डबीशेजारी, वर्षानुवर्षं उभं होतं.

तेव्हापासून मी या इलिरियन लोकांच्या मागे लागले आहे.

एड्रियाटिक समुद्राचा पूर्व किनारा आणि त्यामागचा मुलूख नकाशावर बघावा. आजचा अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, कोसोव्हो, बोस्निया, क्रोएशिया. समुद्रातून भिंतीसारखे उठलेले चुनखडीचे डोंगर, त्यांच्या पायाशी असंख्य बेटं, आत शिरलेल्या खाड्या. या पट्ट्यात आर्डियाई, टाउलांटी, डार्डानी, डाल्माटे, औटारियाटे, लाबेआटे, लिबुर्नी अशा कितीतरी टोळ्या राहायच्या. "आम्ही सगळे इलिरियन" असं त्या स्वतः म्हणायच्या की नाही, कोण जाणे. हे एकच नाव ग्रीकांनी सगळ्यांवर घातलं आणि रोमनांनी त्याचा प्रांत केला.

आणि या लोकांनी स्वतःबद्दल लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. त्यांच्या भाषेतला एकही लेख सापडलेला नाही. उरलीत ती माणसांची नावं, गावांची नावं आणि परक्यांच्या पुस्तकांत अडकून राहिलेले चारदोन शब्द. त्यातला एक सबाया. जवापासून काढलेलं गरिबांचं पेय. इ.स. ३६५ मध्ये रोमन सम्राट वालेन्स काल्सेडोन शहराला वेढा घालून बसला होता, तेव्हा तटावरचे लोक त्याला सबाया पिणारा म्हणून हिणवत होते. एक अख्खी भाषा बुडाली, आणि तिच्यातला जो शब्द काठाला लागला तोही शिवी म्हणून.

म्हणजे त्यांच्याबद्दल जे काही वाचायचं ते त्यांच्या शत्रूंच्या हातचं. हे मनाशी धरून वाचलं की ओळींच्या मागून माणसं हळूहळू दिसू लागतात. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो डार्डानी लोकांना अगदी रानटी ठरवतो, उकिरड्याखाली बिळं खणून राहतात म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की त्यांना संगीताचं वेड आहे, बासऱ्या आणि तंतुवाद्यं त्यांच्याकडे कायम वाजत असतात. मला हे वाक्य फार आवडतं. लिहिणाऱ्याला रानटीपणा दाखवायचा होता, पण सूर त्याच्याही कानावर पडले आणि त्याने ते प्रामाणिकपणे टिपून ठेवले.

तोच स्ट्राबो मिठाची हकीकत सांगतो. एका डोंगराच्या पायथ्याशी झरा होता. वसंतात त्याचं पाणी काढून पाच दिवस ठेवलं की त्याचं मीठ व्हायचं. झऱ्याच्या एका बाजूला औटारियाटे, दुसऱ्या बाजूला आर्डियाई. दोघांनी पाळी ठरवली: आज तुम्ही, उद्या आम्ही. पाळी मोडली की लढाई. पुन्हा समेट, पुन्हा पाळी, पुन्हा लढाई. इतिहासाची पुस्तकं या लोकांना भांडखोर म्हणतात. ज्याच्या गुरांना मीठ लागतं, ज्याला हिवाळ्यासाठी मांस खारवून ठेवायचं असतं, त्याच्या दृष्टीने तो झरा म्हणजे काय होता ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

बार्डिलिस हा त्यांच्यातला पहिला मोठा राजा. तो मूळचा कोळसे पाडणारा होता अशी दंतकथा आहे. लुटीची वाटणी तो इतकी चोख करायचा की पुढे सिसेरोने नीतीवर लिहिताना त्याचा दाखला दिला. इ.स.पू. ३६०च्या सुमारास त्याने मॅसिडोनियाच्या पेर्डिकास राजाला रणात मारलं, बरोबर चार हजार मॅसिडोनियन पडले. त्या मृत राजाच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला, फिलिप. अलेक्झांडरचा बाप. ज्या फौजेने पुढे जग तुडवलं, ती उभारायला फिलिपला भाग पाडलं ते इलिरियनांनी दिलेल्या त्या पराभवाने. इ.स.पू. ३५८ मध्ये फिलिप चालून आला तेव्हा बार्डिलिसने निरोप धाडला की ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे राहू दे, तह करू. फिलिपने तो धुडकावला. बार्डिलिस तेव्हा नव्वदीचा होता आणि घोड्यावर बसून लढला असं म्हणतात. त्याच्या दहा हजार पायदळातले सात हजार त्या दिवशी मेले. नव्वद वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने घोड्यावरून ते पडलेले बघितले असतील, हा विचार मनातून जात नाही.

मग येते तेउता.

तिचा नवरा आग्रोन, आर्डियाईंचा राजा. त्याचं आरमार म्हणजे लेम्ब नावाची हलकी, वेगवान गलबतं, वल्हवणारे आणि लढणारे मिळून पन्नासेक माणसं मावणारी. शंभर लेम्ब आणि पाच हजार माणसं पाठवून त्याने इ.स.पू. २३१ मध्ये ग्रीसमधल्या मेडिऑन शहराला पडलेला एटोलियन लोकांचा वेढा एका सकाळीत उठवला. त्या विजयाच्या मेजवानीतच तो आजारी पडला आणि गेला. मुलगा लहान, तोही सवतीचा. कारभार तेउताच्या हाती आला. तिची माणसं समुद्रावर फिरत होती आणि इटलीचे व्यापारी लुटत होती, काहींना ठारही मारत होती. मी हे झाकणार नाही. एपिडाम्नस या ग्रीक शहरात तर त्यांनी पाणी भरायला आल्याचं सोंग केलं, घागरींत तलवारी लपवून वेशीपर्यंत गेले आणि पहारेकऱ्यांना कापलं. लोक आपल्याला आवडले म्हणून त्यांच्या घागरींत पाणीच होतं असं म्हणता येत नाही.

रोमहून दोन वकील आले, कोरुन्कानियस आडनावाचे. तेउताने सांगितलं की राज्याकडून रोमला उपद्रव होणार नाही याची हमी मी देते, पण प्रजेला समुद्रावर स्वतःची कमाई करण्यापासून रोखायची आमच्या राजांची रीत नाही. त्यावर धाकटा वकील बोलून गेला की मग तुमच्या राजांच्या रीती आम्ही सुधारू. परत जाताना तो मारला गेला, आणि तेउतानेच मारेकरी धाडले असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. बाईमाणसाच्या अविचाराने, असंही वर जोडतो. पण दुसरा इतिहासकार अप्पियन हीच गोष्ट सांगतो तेव्हा वकील दरबारापर्यंत पोचतच नाहीत. वाटेतच समुद्रावर हल्ला होतो, आणि तोही आग्रोन हयात असताना. म्हणजे तो दरबार, ते उत्तर, तो तेउताचा संताप, यातलं काहीच घडलं नसेल अशी शक्यता आहे. ज्या एका वाक्यासाठी जग तिला ओळखतं ते वाक्यच कदाचित तिचं नाही.

इथे मला सरखेल कान्होजी आंग्रे आठवतात. आपल्या पाण्यातून जायचं तर आपलं दस्तक घ्या, एवढंच कान्होजींचं म्हणणं होतं, आणि इंग्रजांच्या कागदांत ते चाचे झाले. पण कान्होजींचे कागद आपल्याकडे आहेत, त्यांची मराठी आपल्याला वाचता येते, अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून त्यांचा किल्ला बघता येतो. तेउताच्या बाजूने एक कपटा नाही.

इ.स.पू. २२९ मध्ये रोमने दोनशे जहाजं आणि वीस हजार पायदळ धाडलं. फौज घेऊन रोमन एड्रियाटिक ओलांडत होते ते पहिल्यांदाच, आणि एकदा ती वाट पडल्यावर पुढे ग्रीस, मॅसिडोनिया सगळं तिच्यातच आलं. तेउताचा सरदार, फारोस बेटाचा डेमेट्रियस, फितूर झाला आणि त्याने कोर्फू बिनलढत हवाली केलं. ती मोजक्या माणसांनिशी रिझॉनला गेली. हे गाव आज रिसान नावाने मॉन्टेनेग्रोत आहे, कोटोरच्या खाडीत अगदी आत. इ.स.पू. २२८ मध्ये तह झाला. लिसस बंदराच्या दक्षिणेला दोनच्या वर लेम्ब न्यायचे नाहीत, तेही बिनहत्यारी. ज्यांचं सगळं जगणं समुद्रावर, त्यांना दोन रिकाम्या होड्या. त्यानंतर तेउता कुठल्याच पुस्तकात दिसत नाही.

गेन्थियस तिच्यानंतर दोन पिढ्यांनी आला. त्याचं एक तांब्याचं नाणं आहे. एका बाजूला पसरट टोपी घातलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला लेम्ब. नाक सरळ, हनुवटी भरलेली, नजर समोर. मी त्या नाण्याचा फोटो भिंगाखाली धरून बघितला. चेहऱ्यावरून हा माणूस कडू मुळं चाखून बघणारा असेल असं वाटत नाही, पण राजाचं चित्र ते, नाण्यावर कोण तोंड वाकडं करून बसतो. नाण्यावर 'राजा गेन्थियसचं' असं लिहिलंय. लिपी ग्रीक, शब्दसुद्धा ग्रीक. स्वतःच्या नाण्यावरही त्याला स्वतःच्या भाषेत बोलता आलं नाही.

त्याच्या पतनाची गोष्ट रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितली आहे आणि ती मला दर वेळी तितकीच लागते. मॅसिडोनियाचा शेवटचा राजा पेर्सियस रोमशी झुंजत होता. त्याने गेन्थियसला तीनशे टॅलेंट चांदी कबूल केली, माझ्या बाजूने उतर म्हणून. दहा टॅलेंट आधी पोचले. उरलेले मॅसिडोनियाच्या राजधानीत, पेल्लाला, मोजले गेले, गेन्थियसच्या माणसांनी त्यांवर आपली मोहर उठवली, पेट्या निघाल्या. पण हळू चला असा वाहणाऱ्यांना पेर्सियसचा हुकूम होता. इकडे पेर्सियसचा माणूस गेन्थियसच्या मागे लागला होता की पैसा वाटेवर आहेच, आता काहीतरी करून दाखवा. गेन्थियसने आलेल्या रोमन वकिलांना कैदेत टाकलं. ही बातमी कळताच पेर्सियसने ओळखलं की हा आता अडकला, याला पैसे द्यायची गरज उरली नाही. सरहद्दीवर थांबलेल्या पेट्या त्याने माघारी बोलावल्या. गेन्थियसची मोहर तशीच होती त्यांच्यावर.

रोमहून सेनापती अनिसियस आला. गेन्थियस श्कोडरच्या कड्यावरच्या किल्ल्यात होता. तळाशी दोन नद्या, पलीकडे मोठं सरोवर. तटाच्या आत राहिला असता तर बरेच दिवस टिकला असता. पण तो बाहेर पडून लढला आणि हरला. तीन दिवसांची मुदत मागून घेतली. नावेत बसून नदीतून सरोवराकडे गेला. भाऊ कारावान्टियस फौज घेऊन येईल ही आशा होती. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी परतला, अनिसियसपुढे गुडघे टेकले आणि रडला. सगळं युद्ध तीस दिवसांत आटोपलं. लिव्ही म्हणतो, हे एकच युद्ध असं की ज्याच्या सुरू झाल्याच्या बातमीआधी संपल्याची बातमी रोमला पोचली. आणि दहा टॅलेंटबद्दल तो म्हणतो की एवढ्याशा पैशात धड ग्लॅडिएटरसुद्धा मिळाला नसता. हे लिहिताना तरी शत्रूच्या लेखणीला पाझर फुटला असावा.

इ.स.पू. १६७ मध्ये राजा, राणी एटलेवा, मुलं आणि भाऊ रोमच्या रस्त्यांवरून विजययात्रेत चालवले गेले. दोनशे वीस लेम्ब जप्त करून शेजारच्या ग्रीक शहरांना वाटून टाकले. योगायोग असा की पॉलिबियससुद्धा त्याच वर्षी ओलीस म्हणून इटलीत आणला गेला. तेउताची गोष्ट जगाला सांगणारा माणूस स्वतः बंदी होता. त्याने बंदिवासात इतिहास लिहिला. गेन्थियसने काय केलं ते कुणी विचारलं नाही.

पुढची दोनशे वर्षं मी चटकन ओलांडते, कारण ती फार जड आहेत. आर्डियाईंची चाचेगिरी मोडायची म्हणून रोमनांनी त्यांना किनाऱ्यावरून उठवलं आणि आतल्या डोंगरात नेऊन शेती करा म्हणून बसवलं. जमीन खडकाळ, पिकं धरेना, हात वल्ह्याला सरावलेले. स्ट्राबो दोन वाक्यांत सांगतो की ती जमात जवळजवळ नाहीशी झाली. इ.स. ६ मध्ये रोमने जर्मनीच्या मोहिमेसाठी या मुलखातून तरुण गोळा केले. एका जागी आल्यावर त्यांना दिसलं की आपण किती जण आहोत, आणि त्यांनी बंड केलं. बाटो नावाचे दोन पुढारी, तीन वर्षं युद्ध. कार्थेजशी झालेल्या युद्धांनंतरचं सर्वांत अवघड परकीय युद्ध असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस याला म्हणतो. आर्डुबा गावात बायकांनी पोरांसकट आगीत आणि नदीत उड्या घेतल्या. उरलेला बाटो शेवटी शरण आला. बंड का केलंत असं रोमन सेनापती टायबेरियसने विचारल्यावर तो म्हणाला की दोष तुमचा, कळप राखायला तुम्ही राखणीचे कुत्रे किंवा धनगर न धाडता लांडगे धाडलेत. मेंढरं राखणाऱ्या मुलखातल्या माणसाचंच हे बोलणं, म्हणून मला ते खरं वाटतं. आणि याच मुलखातून पुढे ऑरेलियन, डायोक्लेशियन यांच्यासारखे सम्राट निघाले आणि त्यांनी मोडकळीला आलेलं रोम सावरलं. पण तोवर त्यांची भाषा लॅटिन झाली होती.

अल्बानियात आजही मुलांची नावं आग्रोन, बार्धिल, गेन्टी अशी ठेवतात, मुलींचं तेउता. अल्बानियन भाषा इलिरियनची लेक आहे की नाही यावर विद्वानांचा वाद चालू आहे. पाळण्यात नाव घालणाऱ्या आयांचा तो वाद मिटलेला आहे.

माझा भाचा जहाजावर असतो. गेल्या वर्षी त्याचं जहाज मॉन्टेनेग्रोच्या बार बंदराला लागलं तेव्हा मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. तिथल्या बाजारात लिनचुरा नावाने एक मूळ मिळतं, दारूत घालून पोटासाठी घेतात. तेच जेन्शन. कागदाच्या पुडीत त्याने चारसहा तुकडे आणले. बाहेरून मातकट, सुरकुतलेले, मोडल्यावर आतून पिवळसर. वास सुरुवातीला गोडूस, जुन्या लाकडी पेटीत येतो तसा. मी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. क्षणभर काहीच नाही, मग असा कडूपणा की कानशिलं आवळली. लगेच ओळख पटली: तापात आजी द्यायची त्या काढ्यातलं काडेचिराईत. ते याच कुळातलं आहे, हे नंतर पुस्तकात सापडलं. जिभेला आधीच माहीत होतं.

या मुळाचं एक विशेष आहे. झाडाला पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात, आठ, दहासुद्धा. मग पुरुषभर उंच दांडा वर येतो आणि त्याच्या पेरापेरांवर पिवळ्या फुलांचे झुबके लागतात. निळीजांभळी फुलं त्याच्या छोट्या भावंडांची. औषधी मूळ या पिवळ्याचं. फूल नसतं त्या वर्षांत ते नुसतं जाड, शिरांच्या पानांचं झुडूप असतं, आणि माहीत असलेल्यालाच ओळखू येतं.

विजययात्रा झाल्यावर सिनेटने गेन्थियसला स्पोलेटियम गावी ठेवायचं ठरवलं. गावाने नकार दिला, आम्हाला हे राजघराणं नको. मग त्याला इगुवियमला पाठवलं. ते आजचं गुब्बियो, डोंगराच्या उतारावर टेकून बसलेलं. तिथे राजा, राणी, मुलं आणि भाऊ राहिले. तिथून पुढे त्यांची नोंद नाही. समुद्र तिथून दिसत नाही. पण मागे आपेनाइन पर्वत आहे, आणि त्या पर्वतात उंचावर हे झाड उगवतं. उन्हाळ्यात कधी पहारेकऱ्यांनी त्याला तिथवर फिरू दिलं असेल, तर गवतातून वर आलेला तो पिवळा दांडा त्याला लांबूनच दिसला असेल, आणि त्याने एटलेवाला हाक मारली असेल. त्या झाडाला त्यांच्या भाषेत काय म्हणत, तो शब्द वापरून.